मॅनच्या पानातला हवा तो पर्याय कसा शोधावा आणि समजून घ्यावा?

मॅनच्या पानावरील, म्हणजे ‘मॅन’ ही कमांड दिल्यावर उघडणाऱ्या माहितीपानावरील, पर्यायांच्या लांबलचक यादीतून हवा तो पर्याय कसा शोधावा आणि त्याचा अर्थ कसा लावावा, असे आपण विचारले आहे. शोधणे सोपे आहे. कमांडचे नावच ठाऊक नसेल तर ‘मॅन -के’ देऊन पुढे विषयाचा शब्द लिहावा, आणि पान उघडल्यावर तिरपी रेघ (/) आणि हवा तो शब्द देऊन शोध घ्यावा. अर्थ मात्र यादीवरून लागत नाही, आणि याच मुद्द्यावर पणजीतील एका कार्यालयात माझे एका वरिष्ठांशी जे वाजले ते अजून मिटलेले नाही.

चतुर्थीच्या सुट्टीआधी चालू वर्षाच्या हिशेबांचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यायचा होता. त्या डिस्कवर मागील प्रत्येक वर्षाचा स्वतंत्र फोल्डर होता. वरिष्ठांनी कुठून तरी उतरवलेली आरसिंकची, म्हणजे फायलींची दुसरीकडे नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमची, कमांड पुढे केली: -ए (उपफोल्डरांसह सगळे जसेच्या तसे), --डिलीट, चालू वर्षाचा फोल्डर, त्याच्या नावाशेवटी तिरपी रेघ, आणि पुढे नुसती डिस्क. ‘--डिलीट म्हणजे मूळ जागी नाही ते पुसणे, एवढे कळले की पुरे, पाने वाचायचा पगार कोणी देत नाही,’ असे त्यांचे म्हणणे. यादीत साधारण तेवढेच लिहिलेले असते, हे खरे. पण शेवटी रेघ असली की फोल्डर न जाता त्याच्या आतल्या फायली तेवढ्या जातात, हे यादीच्या बरेच आधी, वापराविषयीच्या भागात सांगितले आहे. म्हणजे डिस्कवरची सगळी जुनी वर्षे ‘मूळ जागी नाही’ या सदरात जात होती. मी -एन (काही न बदलता चालवणे) आणि -व्ही (काय होईल ते दाखवणे) जोडून कमांडची नुसती तालीम घेतली, तेव्हा ‘डिलीटिंग’च्या ओळींत ती वर्षे एकामागून एक दिसू लागली. त्यावर वरिष्ठ म्हणाले, ‘रेघच काढायची होती, तर एवढा वेळ का घालवला?’

म्हणून यादीकडे वळण्यापूर्वी वरची सिनॉप्सिसची, म्हणजे कमांड कशी लिहायची ते दाखवणारी, ओळ आणि वर्णन सबंध वाचावे. त्या ओळीत चौकटी कंसातले ऐच्छिक असते, उभ्या रेघेने वेगळे केलेल्यांतले एकच घ्यायचे असते, आणि तीन टिंबे असतील तर तेच पुन्हा देता येते. एवढे वाचायला ज्यांना वेळ नाही त्यांनी --डिलीटच्या वाटेला जाऊ नये, मग ते वरिष्ठ का असेनात.

हे सर्व लिनक्स गृहीत धरून लिहिले आहे. मॅकवर काही पर्याय वेगळे असतात: तिथल्या सेडमध्ये (मजकुरात बदल करणाऱ्या कमांडमध्ये) -आय, म्हणजे मूळ फाइलच बदलण्याचा पर्याय, यानंतर बॅकअपचे एक्स्टेन्शन, रिकामे का होईना, द्यावेच लागते; लिनक्सवर ते ऐच्छिक आहे. सीडीसारख्या (फोल्डर बदलणाऱ्या) काही कमांड शेलमध्येच, म्हणजे कमांडा स्वीकारणाऱ्या प्रोग्रॅममध्येच, असतात; त्यांच्या माहितीसाठी बॅश या शेलमध्ये ‘हेल्प सीडी’ असे द्यावे.