माजी सैनिक संघटनेची तालुका शाखा नेमकं करते काय? बाबांनी मेंबर व्हावं का?

तुम्ही विचारलंय की बाबा फौजेतून रिटायर होऊन गावी आले, आता तालुक्याचे माजी सैनिक संघटनेवाले मेंबर व्हा म्हणून मागे लागलेत, आणि तुम्हाला तर त्यांचं झेंडावंदन आणि हारतुरे सोडून दुसरं काही काम दिसत नाही, मग पैसे भरायचे कशाला. मी स्वतः लष्कराच्या सिग्नल्स कोअरमधून हवालदार म्हणून आलो, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुका शाखेचं सचिवाचं काम पाहतो. माझं उत्तर सरळ आहे, व्हा मेंबर. बाबांसाठी थोडं आणि आईसाठी जास्त.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो कारण यात लय जणांचा घोळ होतो. जिल्ह्याला जे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे ते सरकारी, ओळखपत्र, मुलांची शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरीची नोंदणी, सगळं तिथून. संघटना म्हणजे आपलीच माणसं जमून रजिस्टर केलेली संस्था, तिला काही मंजूर करायचा अधिकार नाही. पण गावातला माणूस आणि ते कार्यालय यांच्यात जे अंतर आहे ते आम्ही भरतो. कार्यालयाचे कल्याण संघटक तालुक्याला येतात तेव्हा कोणाचं काय अडलंय याची यादी आमच्याकडे तयार असते, नाहीतर एकेका कागदासाठी म्हाताऱ्या माणसाला एसटीनं जिल्ह्याला चकरा.

आमची बैठक बाजाराच्या दिवशी असते. खेड्यावरचे लोक बाजाराला येतातच, काळीपिवळीचं भाडं एकदाच लागतं. पेरणीत आणि कापूस वेचणीत गर्दी कमी, मग फोनवर कामं चालतात. नोव्हेंबरमध्ये मात्र बसायला जागा नसते कारण बहुतेकांचा हयातीचा दाखला तेव्हाच द्यायचा असतो आणि तो नाही गेला की पेन्शन थांबते. आधी बँकेत जाऊन सही केली की झालं, आता पेन्शन स्पर्श सिस्टीमवर गेली, म्हणजे संरक्षण खात्याच्या पेन्शनची वेबसाइट, सगळं ऑनलाइन. वेचणी करून हाताला इतक्या भेगा पडलेल्या असतात की अंगठा मशीन घेतच नाही, मग मोबाईलवर चेहऱ्यानं करतो, "माय, एकडाव डोये मिचकाव" असं म्हणत म्हणत. अजून एक, जीवन प्रमाण, म्हणजे हाच ऑनलाइन दाखला, भरताना डिस्बर्सिंग एजन्सीत (पेन्शन कोण देतं त्या रकान्यात) लोक सवयीनं बँकेचं नाव टाकतात, तिथं स्पर्श निवडायचं असतं, बँक टाकली तर दाखला भलतीकडेच जातो आणि माणूस घरी निवांत बसलेला की आपण तर दिला.

पण हे सोपं काम झालं. खरं काम विधवा बायकांच्या कागदांचं आहे आणि त्यासाठीच मी हे एवढं लांब लिहितोय.

जवान जिवंत आहे तोवर पेन्शन आपोआप येत राहते, कोणी काही विचारत नाही. तो गेला की त्याच्या बायकोचं नाव, जन्मतारीख, फोटो सगळं एकदम तपासलं जातं आणि तिथं घोळ निघतो. झालं काय होतं, पूर्वी पोरगा सुटीवर यायचा, लग्न करायचा, परत जाऊन युनिटच्या ऑफिसात सांगायचा, तिथल्या बाबूनं जसं ऐकलं तसं हिंदीत किंवा इंग्रजीत नाव लिहिलं, पार्ट टू ऑर्डर निघाली, म्हणजे लग्नाची नोंद झाली, संपलं. इकडे गावात मतदार यादीत वेगळं नाव, आधारवर तिसरंच, जन्मतारीख तर कोणाला माहीतच नाही म्हणून आधारवाल्यानं 1 जानेवारी टाकून दिली. मग ती बाई पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, घेऊन येते आणि कागदावर ती त्या जवानाची बायकोच ठरत नाही. नवरा असता तर त्यानं रेकॉर्ड ऑफिसला, जिथं जवानाची सगळी नोंद असते तिथं, एक अर्ज करून, शपथपत्र लावून हे दुरुस्त करून घेतलं असतं, तो गेल्यावर तेच काम कितीतरी महिने खातं आणि तेवढे महिने घरात पैसा नाही.

जन्मतारखेचा अजून एक फटका आहे तो तर बहुतेक घरांना माहीतच नसतो. पेन्शनर किंवा फॅमिली पेन्शनर 80 वर्षांचा झाला की मूळ पेन्शनवर 20 टक्के जास्त मिळतात, 85 ला 30, 90 ला 40, असं वाढत जातं. पण रेकॉर्डला तारीखच नसेल तर सिस्टीमला कसं कळणार की ही बाई 80 ची झाली. आमच्या तालुक्यात अशा आजीबाई निघाल्या की ज्यांचं वय गावात सगळ्यांना माहीत होतं आणि पेन्शनच्या कागदावर तो रकाना रिकामा. हे शोधायला ऑफिसातून कोणी घरी येत नाही, शाखेनंच गावोगाव जाऊन पीपीओ उघडून पाहावं लागतं. आम्ही उन्हाळ्यात, शेतीची कामं नसतात तेव्हा, हे करतो. माझ्या मते कोणत्याही शाखेचं याच्याहून मोठं काम नाही.

उलटही होतं. रिटायरमेंटनंतर जवान वारला तर बायकोला सुरुवातीला वाढीव दरानं फॅमिली पेन्शन मिळते, 7 वर्षं किंवा तो 67 चा झाला असता तिथपर्यंत, जे आधी येईल ते. त्यानंतर साधा दर लागतो, म्हणजे शेवटच्या पगाराच्या 30 टक्के. त्या महिन्यात पैसे एकदम कमी आले की बाई घाबरून येते, कोणी तरी खाल्ले म्हणते, कधी कधी पोरांवर संशय जातो, घरात भांडणं होतात. दहा मिनिटं बसवून समजावून सांगितलं की मिटतं, पण सांगणारं कोणी पाहिजे ना.

मयतीचं सांगतो. आमचा कोणी माणूस गेला की शाखेचे जेवढे जमतील तेवढे बेरे टोपी घालून, मेडल लावून जातात, पुष्पचक्र वाहतात, सलामी देतात. गावकरी खूपदा म्हणतात तिरंगा पांघरा. तो आम्ही पांघरत नाही. ध्वजसंहितेप्रमाणे तो मान शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी इतमामातल्या अंत्यसंस्कारालाच आहे, रिटायर होऊन घरी वारलेल्याला आपल्या मनानं देता येत नाही, आणि त्या दुःखात हे घरच्यांना सांगणं जड जातं पण सांगावं लागतं. तेरवी झाली की आमचा एक जण परत त्या घरी जातो. मृत्यूची नोंद स्पर्शवर लवकर द्यायची, कारण मयतानंतर खात्यात आलेली पेन्शन पुढे वसूल होते आणि लोकांनी ती खर्च केलेली असते. एजीआयएफचा, म्हणजे आर्मीच्या ग्रुप इन्शुरन्सचा, रिटायरमेंटनंतरचा विमा चालू होता का ते पाहायचं, तोही क्लेम लोक विसरतात.

ज्यांना पेन्शनच नाही अशी माणसं पण आहेत. 15 वर्षं पुरी व्हायच्या आधी बाहेर आलेले, त्यातले काही तर 71 ची लढाई पाहिलेले, आज दुसऱ्याच्या वावरात राखणीला बसतात. 65 च्या वरच्या अशा हवालदार आणि त्याखालच्या रँकवाल्यांना, त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दर महिन्याला मदत मिळते, 4000 होती, नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना 8000 केली. अर्ज ऑनलाइन असतो, आता 80 वर्षाचे काकाजी तो कुठून भरणार.

बाकीचं थोडक्यात. ग्रामपंचायत हद्दीत माजी सैनिकाच्या एका घराची घरपट्टी 2020 पासून माफ आहे पण काही ग्रामसेवक जीआर दाखवल्याशिवाय ऐकत नाहीत, तो जीआर आणि कार्यालयाचा दाखला घेऊन आमचा माणूस सोबत जातो. सातबारा, फेरफार, पांदण रस्ता हे तहसीलचे विषय निघतातच, पोरगा सीमेवर आणि इकडे शेजाऱ्यानं धुरा, म्हणजे बांध, कोरला असं लय होतं. नोकरीसाठी मेस्कोची, म्हणजे राज्याच्या माजी सैनिक महामंडळाची, माहिती देतो, राज्याच्या क आणि ड गटात माजी सैनिकांना 15 टक्के आरक्षण आहे त्याच्या जाहिराती ग्रुपवर टाकतो. सकाळी ग्राउंडवर भरतीची पोरं पळवतो, 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आणि 10 बीम (पुलअप), एवढं झालं की फिजिकलचे पूर्ण मार्क.

अग्निवीरांबद्दल आमच्यातच मतभेद आहे. चार वर्षांनी जे परत येतील त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची दवाखान्याची योजना नाही, कँटीन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही, म्हणून काही जुने लोक म्हणतात त्यांना मेंबर कसं करायचं. मी म्हणतो करायचंच. त्यानंही तीच वर्दी घातली, तीच पोस्ट सांभाळली, आणि 25 टक्के सोडून बाकी पोरं तर ऐन उमेदीत गावी परतणार, त्यांना कोण विचारणार मग.

आता तुमच्याकडची शाखा चांगली आहे का ते कसं ओळखायचं. सगळ्याच चांगल्या नसतात, हे खरं आहे. काही ठिकाणी नुसतं नेत्याच्या स्टेजवर टोप्या घालून बसायचं काम चालतं. बाबांना एक बैठक पाहून या म्हणा. तिथं विधवा बायका येतात का, बोलतात का ते पाहा. वर्षाचा हिशोब मागा. आणि एरियर किंवा पेन्शन काढून देतो, एवढे टक्के द्या असं कोणी म्हणालं तर तिथून उठून या, या कामाचे टक्के घ्यायचे नसतात, झेरॉक्स आणि प्रवासाचा खर्च तेवढा.

मेंबर होवोत न होवोत, या आठवड्यात घरी एवढं करा. बाबांचं डिस्चार्ज बुक आणि पीपीओ काढा, आईचं नाव आणि जन्मतारीख आधारशी अक्षर न अक्षर जुळवून पाहा, भावंडांची नावं पण. फरक असेल तर बाबांच्याच सहीनं आत्ताच रेकॉर्ड ऑफिसला अर्ज टाका. पेन्शनचं खातं आईसोबत जॉइंट आहे का बघा, नसेल तर आयदर ऑर सर्व्हायव्हर करून घ्या, म्हणजे दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो खातं चालवू शकतो. स्पर्शला जो मोबाईल नंबर आहे तो चालू आहे ना, आणि लॉगिन पासवर्ड बाबांशिवाय घरात अजून कोणाला माहीत आहे ना, हेही बघा. काही अडलं तर इथंच कमेंटमध्ये लिहा, पीपीओ नंबर किंवा आधार नंबर मात्र टाकू नका, नुसतं काय अडलंय ते लिहा, मी संध्याकाळी पाहतो.