जपानचं वाकायामा प्रीफेक्चर (म्हणजे आपल्याकडच्या राज्यासारखा प्रशासकीय विभाग) नेमकं कुठे आहे? तिथला इतिहास आणि लोकसंख्या याबद्दल कोणी सांगेल का?

तुम्ही विचारलंय की महाराष्ट्राने २०१३ ला ज्या वाकायामाशी करार केला ते आहे कुठे आणि तिथे आहे काय. मी ३ वर्षं ओसाकात नोकरीला होतो, सुट्टी मिळाली की तिकडेच पळायचो, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय.

नकाशात ओसाकाच्या खाली एक मोठा द्वीपकल्प समुद्रात घुसलेला दिसेल, त्याचं नाव किई. त्याची पश्चिम आणि दक्षिणेकडची बाजू म्हणजे वाकायामा. होन्शू बेटाचं दक्षिण टोक शिओनोमिसाकी इथेच येतं. क्षेत्रफळ साधारण ४,७२४ चौ. किमी., म्हणजे आपल्या सिंधुदुर्गापेक्षा थोडं कमीच, आणि त्यातलं तीन चतुर्थांश नुसतं जंगल. किनाऱ्याने ट्रेनने गेलात तर एका खिडकीत समुद्र, दुसऱ्या खिडकीत डोंगर, सपाट जमीन अशी फारशी नाहीच, म्हणून उतारावरच संत्र्यांच्या बागा लावल्यात. जपानात पिकणाऱ्या उमे फळातलं निम्म्याहून जास्त इथलं असतं, त्याचं लोणचं आंबटखारट, भाताबरोबर मला फार आवडायचं.

इतिहास म्हटलं की माझ्यासाठी पहिलं कोयासान. ८१६ साली कुकाई नावाच्या भिक्षूला ८०० मीटर उंचीवरची ही जागा मिळाली आणि त्याने शिंगोन बौद्ध पंथाचा मठ उभा केला. आज तिथे शंभराहून जास्त देवळं आहेत, त्यातल्या पन्नासेक ठिकाणी मुक्कामाला राहता येतं. ओकुनोइनच्या स्मशानात उंच उंच देवदारांसारख्या झाडांखाली दोन लाखांवर समाध्या आहेत आणि कितीतरी दगडांवर सिद्धम् अक्षरं कोरलेली आहेत, ही लिपी भारतातून चीनमार्गे तिथे पोचली. पहिल्यांदा ती अक्षरं बघितली तेव्हा मी बराच वेळ तिथेच उभा होतो. २०१५ मध्ये कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा बसवला, त्याचं अनावरण आपल्या मुख्यमंत्र्यांनी केलं. १८७२ पर्यंत मात्र बायकांना या डोंगरावर यायला बंदी होती, त्या बाहेरच्या न्योनिन्दो देवळापर्यंतच येऊ शकायच्या, हेही माहीत असायला हवं.

पुढे १६१९ पासून इथे तोकुगावा घराण्याची एक शाखा राज्य करायची, त्यातलाच योशिमुने १७१६ ला शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश झाला.

पण मला जास्त मोठा माणूस वाटतो तो इथल्याच किनाऱ्यावरच्या एका गावातला व्यापारी हामागुची गोर्यो. १८५४ ला भूकंप होऊन त्सुनामी आली, अंधार पडला होता, तर याने भाताच्या पेंढ्या पेटवून दिल्या म्हणजे लोकांना उंचावर जायची वाट दिसेल. गाव उद्ध्वस्त झालं, मग त्याने स्वतःच्या पैशातून समुद्राकाठी बांध घालायला घेतला आणि गावकऱ्यांनाच मजुरीवर ठेवलं, कारण हाताला काम नसतं तर लोक गाव सोडून गेले असते. १९४६ च्या त्सुनामीत त्याच बांधाने गावाचा बराच भाग वाचवला. ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागरूकता दिन यावरूनच ठरलाय.

आता लोकसंख्या. दुखणं नेमकं तेच आहे, लोक गाव सोडून जातायत. १९८५ च्या जनगणनेत १० लाख ८७ हजार होते, २०२० ला ९ लाख २२ हजारच उरले, दर तीन माणसांत एक ६५ च्या वरचा. साडेतीन लाख तर एकट्या वाकायामा शहरात आहेत. तरुण पोरं शिकायला, नोकरीला ओसाकाला जातात आणि तिकडचीच होतात. काही स्टेशनांवर दुपारी उतरलो तर माझ्याबरोबर फक्त एखादी आजी उतरायची.

आख्ख्या प्रीफेक्चरमध्ये कागदोपत्री गाव असं एकच आहे, कितायामा, वस्ती चारेकशे. ते वाकायामाचं असूनही चारी बाजूंनी नारा आणि मिए या दुसऱ्या प्रीफेक्चरांनी वेढलेलं आहे, कारण तिथली लाकडं तराफे करून नदीतून खाली वाकायामातल्याच शिंगू शहराला जायची, सगळा व्यवहार शिंगूशी, म्हणून गाव वाकायामातच राहिलं. ते तराफे अजून चालतात, उन्हाळ्यात पर्यटकांना त्यावर उभं करून नदीतून नेतात.