लोकसंख्या, नव्या कल्पना आणि अर्थशास्त्राची वाट

नांदेडहून बारावी विज्ञानच्या विद्यार्थिनीने विचारलं आहे: ‘इतकी माणसं असूनही आपला देश श्रीमंत का नाही, हे मला शिकायचंय. बाबा इंजिनिअरिंग कर म्हणतात. अर्थशास्त्र घेतलं तर गणित सुटेल का?’

गणित मुळीच सोडू नकोस, या प्रश्नाला तेच लागतं. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९५७ साली अमेरिकेचे १९०९ ते १९४९ चे आकडे तपासले. कामाच्या दर तासामागचं उत्पादन दुप्पट झालं होतं आणि त्यातला सुमारे सात-अष्टमांश भाग भांडवलवाढीने (यंत्रं, इमारती वाढल्याने) नव्हे, तंत्र सुधारल्याने आला होता. पुढे १९९० मध्ये अर्थतज्ज्ञ पॉल रोमर यांनी याचं मूळ दाखवलं. एक ट्रॅक्टर एका वेळी एकाच शेतात चालतो, पण पेरणीची सुधारित पद्धत लाखो शेतकरी एकदम वापरू शकतात. म्हणून माणसं जास्त, तर कल्पना जास्त. पण मोजायची ती संशोधनापर्यंत पोचलेली माणसं. दक्षिण कोरिया राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ५ टक्के संशोधनावर खर्च करतो, आपण १ टक्क्याहूनही कमी. तुझ्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग मला इथेच दिसतो. आणि वेळही फार नाही: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुलं, १.७ वर आला आहे; पुढच्या पिढीत तरुण कमीच असतील.

पदवीला अर्थशास्त्रासोबत गणित किंवा संख्याशास्त्र घे. कलनशास्त्र, रेषीय बीजगणित, संभाव्यता पक्कं हवं. एमएच्या प्रवेश परीक्षेत बरेच जण तिथेच अडतात. पुढे पुण्याची गोखले संस्था, गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, लोकसंख्येकडे कल असेल तर देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. बाबांना सांग, इंजिनिअरिंगनंतरही एमएचा रस्ता खुला असतो. फक्त अर्थशास्त्राची सुरुवात चार वर्षं उशिरा होईल.

आवड खरी आहे का, हे सुट्टीत तपास. पेन वर्ल्ड टेबल हा देशोदेशीच्या उत्पादन, भांडवल आणि कामगारांच्या आकड्यांचा संच मोफत मिळतो. भारत आणि कोरियाचे १९६० पासूनचे आकडे घे आणि सोलोंसारखा हिशेब कर. दर कामगारामागचं उत्पादन ५ टक्के वाढलं, भांडवल ६ टक्के, आणि उत्पन्नातला भांडवलाचा वाटा एक-तृतीयांश धरला, तर भांडवलाचे २ टक्के वजा जाऊन ३ उरतात. आकडे स्थिर किमतींचेच घे, नाहीतर महागाईच वाढ म्हणून मोजली जाईल. उरलेले ३ म्हणजे सगळं तंत्रज्ञान, असंही समजू नकोस; शिक्षणाचा वाटा वेगळा काढला नसेल, तर तोही त्यातच दडलेला असतो.