‘वांशिक न्याय’ आणि ‘पोलीस सुधारणा’ : या शीर्षकात काय खटकते?

प्रश्न : जॉर्ज फ्लॉइड प्रकरणानंतरच्या (मे २०२० मध्ये मिनियापोलिस शहरात एका पोलिसाने या कृष्णवर्णीय माणसाचा जीव घेतला) अमेरिकेविषयी एक लेख मराठीत आणताना त्याला ‘पोलीस सुधारणा आणि वांशिक न्याय : जनतेच्या आशा आणि निराशा’ असे शीर्षक दिले आहे. व्याकरणाची चूक दिसत नाही, तरी वाचताना खटकते. ‘वांशिक न्याय’ म्हणावे का? आणि लेखात वारंवार येणाऱ्या ‘पोलिसांची जबाबदारी’ या प्रयोगाला दुसरा पर्याय आहे का?

उत्तर : शीर्षकातले जवळजवळ सगळेच शब्द तपासून घ्यावे लागतील. त्यातला ‘वांशिक न्याय’ सर्वांत जास्त दिशाभूल करतो.

‘वंश’ या शब्दात दोष नाही. संविधानाच्या मराठी प्रतीत अनुच्छेद १५ मध्ये धर्म, जात, लिंग यांच्या बरोबरीने ‘वंश’ हाच शब्द आहे. अडचण ‘वांशिक’ या विशेषणाची आहे. वांशिक दंगल, वांशिक हिंसाचार, वांशिक शेरेबाजी या सगळ्यांत ‘वांशिक’ म्हणजे वंशाच्या आधारावर केलेले. त्याच चालीने ‘वांशिक न्याय’ वाचला, की ‘वंश पाहून केलेला न्याय’ असा अर्थ उभा राहतो, आणि तो मूळ मागणीच्या नेमका उलटा आहे. ‘सामाजिक न्याय’ या शब्दाला हा धोका नाही, कारण संविधानाच्या उद्देशिकेने तो रुळवला आहे आणि ‘समाज पाहून केलेला न्याय’ असा अर्थ कुणाच्या मनात येत नाही.

मग ‘धर्मनिरपेक्ष’च्या धर्तीवर ‘वंशनिरपेक्ष न्याय’ म्हणण्याचा मोह होतो. तो आवर्जून टाळावा. वंश मुळीच लक्षात घेऊ नये, ही अमेरिकेत एका विशिष्ट बाजूची भूमिका आहे. जून २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ-प्रवेशात वंश विचारात घेण्याची पद्धत मोडीत काढली, ती याच युक्तिवादाच्या जोरावर. पोलिसांविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्यांचे म्हणणे वेगळे आहे : आजवरचा अन्याय वंशामुळे झाला, तेव्हा वंश न पाहता त्याची भरपाई होणार नाही. लेख फक्त कृष्णवर्णीयांपुरता असेल तर सरळ ‘कृष्णवर्णीयांना न्याय’ लिहावे. मूळनिवासी, लॅटिनो वगैरे समाजही त्यात येत असतील तर ‘वंशभेदाविरुद्ध न्याय’. शब्द वाढले तरी चालतील, अर्थ उलटा होता कामा नये.

इथेच ‘वर्णद्वेष’ आणि ‘वंशभेद’ यांतला फरक सांगायला हवा. द्वेष मनात असतो, भेद व्यवहारात दिसतो. जानेवारी २०२३ मध्ये मेम्फिस शहरात टायरी निकोल्स या कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसांनी केलेली मारहाण त्याच्या जिवावर बेतली. त्या प्रकरणात बडतर्फ होऊन ज्यांच्यावर खुनाचे आरोप ठेवले गेले ते पाचही पोलीस कृष्णवर्णीय होते. तिथे ‘वर्णद्वेषातून मारहाण’ असे लिहिले की वाक्य लंगडे पडते, आणि वाचक ‘मग यात वंशाचा संबंध काय?’ असे विचारून मोकळा होतो. आंदोलकांचा रोख पोलिसाच्या कातडीच्या रंगावर नव्हता. कोणत्या वस्तीत, कुणाशी, कसे वागायला पथकाला शिकवले जाते यावर होता. त्याला ‘व्यवस्थेतील वंशभेद’ हाच शब्द लागतो. ‘वर्णभेद’ही टाळलेला बरा : एक तर तो दक्षिण आफ्रिकेच्या जुन्या राजवटीला घट्ट चिकटला आहे, आणि ‘वर्ण’ म्हटले की आपल्याकडे चातुर्वर्ण्य आठवतेच.

‘कृष्णवर्णीय’ हा वृत्तपत्रांचा शब्द सभ्य आहे, समजतो, वापरावा. मात्र जून २०२० मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ‘ब्लॅक’ हा शब्द माणसांसाठी वापरताना पहिले अक्षर मोठे लिहायचे ठरवले, कारण तो रंग नसून एका समाजाचे नाव आहे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे ही छटा अक्षरातून दाखवता येत नाही. समाजाची ओळख अभिप्रेत असेल तिथे ‘ब्लॅक समाज’ असे बेलाशक लिहावे. मराठीला ते नवे नाही. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये १९६६ साली ब्लॅक पँथर ही संघटना उभी राहिली ती पोलिसांच्या गस्तीवर नजर ठेवण्यासाठी. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा ‘पँथर’चा चित्ता किंवा बिबट्या कुणी केला नाही.

आता ‘पोलीस सुधारणा’. मराठी वाचकाच्या कानाला हे शब्द प्रकाश सिंह खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिलेल्या निर्देशांसारखे लागतात : पोलीस महासंचालकांना किमान दोन वर्षे, बदल्यांसाठी मंडळ, तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची फारकत, राजकीय दबावाला आळा. म्हणजे पोलिसांना राजकारण्यांपासून मोकळे करणे. अमेरिकेतल्या मागणीचा रोख दुसरीकडे आहे : पोलिसांकडून होणारा बळाचा वापर आणि त्याची चौकशी. शिवाय तिथे एक पोलीस दल नाहीच. शहर, काउंटी, राज्य अशी मिळून सुमारे १८,००० दले आहेत आणि बहुतेकांचा कारभार स्थानिक. म्हणून ‘अमेरिकेने पोलीस सुधारणा फेटाळल्या’ हे वाक्य जवळजवळ निरर्थक आहे. कुणी, कुठे, काय फेटाळले हे लिहावेच लागते.

तीन प्रयोगांत हमखास घोटाळा होतो. पहिला म्हणजे ‘डीफंड द पोलीस’ ही घोषणा. ‘पोलिसांचा निधी बंद करा’ हे भाषांतर काही गटांच्या बाबतीत खरे आहे, सगळ्यांच्या नाही. अनेकांना पोलिसांकडचा काही पैसा मानसिक आरोग्य, घरे, हिंसा-प्रतिबंध यांकडे न्यायचा होता. त्यासाठी ‘निधी वळवणे’ हेच नेमके क्रियापद. मिनियापोलिसमध्ये डिसेंबर २०२० मध्ये प्रत्यक्षात वळवली गेलेली रक्कम पोलिसांच्या सुमारे १७.९ कोटी डॉलरांच्या निधीपैकी ८० लाखांच्या आसपास होती. ‘बंद’ आणि ‘वळवणे’ यांतले अंतर एवढे आहे. त्याच शहरात नोव्हेंबर २०२१ मध्ये पोलीस खात्याऐवजी ‘सार्वजनिक सुरक्षा खाते’ आणण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला आणि साधारण ५६ विरुद्ध ४४ टक्क्यांनी पडला. तो ‘सुधारणेविरुद्ध कौल’ नव्हता, त्या एका प्रस्तावाविरुद्ध होता. ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत ८१ टक्के कृष्णवर्णीयांना आपल्या भागात पोलिसांचा वावर आहे तेवढा किंवा त्याहून जास्त हवा होता. त्याच वर्षीच्या दुसऱ्या गॅलप पाहणीत पोलिसांवर भरवसा असलेले कृष्णवर्णीय १९ टक्के होते, गोरे ५६. पोलीस हवेत, पण असे नकोत, हा या आकड्यांचा अर्थ ‘निधी बंद’मध्ये पार बुडून जातो. आणि ‘जनता’ या एका शब्दात १९ आणि ५६ एकत्र कोंबले जातात, म्हणून शीर्षकातून तोही काढावा.

दुसरा घोटाळा ‘क्वालिफाइड इम्युनिटी’चा. ‘पात्र प्रतिकारशक्ती’ हे यांत्रिक भाषांतर सोडून देऊ; पण ‘पोलिसांना खटल्यापासून संरक्षण’ हेही चूकच आहे. ते वाचून आपल्याला फौजदारी प्रक्रिया संहितेचे जुने कलम १९७ (आता नागरिक सुरक्षा संहितेचे २१८) आठवते, म्हणजे खटल्यासाठी सरकारची पूर्वमंजुरी. अमेरिकेतली तरतूद फौजदारी नाही, दिवाणी आहे. नागरिकाने पोलिसावर वैयक्तिक नुकसानभरपाईचा दावा लावला, तर ‘अशी कृती हक्कभंग ठरते हे आधीच्या निकालांनी स्पष्ट प्रस्थापित झालेले नव्हते’ एवढ्यावर तो सुटू शकतो. मराठीत ‘भरपाईच्या दाव्यापासून सशर्त उन्मुक्ती’ असे लिहावे आणि पहिल्या वेळी एका वाक्यात ते उलगडावे. हे नीट सांगितले नाही तर पुढचे राजकारण कळत नाही : फ्लॉइड यांच्या नावाचे विधेयक प्रतिनिधिगृहात ३ मार्च २०२१ रोजी २२० विरुद्ध २१२ मतांनी मंजूर झाले, आणि सिनेटमधल्या वाटाघाटी सप्टेंबरमध्ये मोडल्या, ही उन्मुक्ती त्यातल्या मोठ्या अडथळ्यांपैकी एक होती. कोलोरॅडो राज्याने मात्र जून २०२० मध्येच राज्याच्या कायद्याखालच्या दाव्यांत तो बचाव काढून घेतला. सद्भावनेने न वागलेल्या पोलिसाला तिथे पदरचे पैसे भरावे लागतात : निकालाच्या रकमेचे ५ टक्के किंवा २५,००० डॉलर, यांतले जे कमी असेल ते.

तिसरा ‘कन्सेंट डिक्री’. यासाठी आपल्या दिवाणी न्यायालयांतला ‘संमती हुकूमनामा’ तयारच आहे. ‘करार’ लिहू नये. हुकूमनाम्यामागे न्यायालय उभे असते, तो मोडला तर न्यायाधीश विचारणा करू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय न्याय खात्याने मिनियापोलिसबाबत असा मसुदा न्यायालयात ठेवला, सरकार बदलल्यावर मे महिन्यात त्याच खात्याने माघार घेतली आणि प्रकरण निकाली निघाले. राज्याच्या मानवी हक्क विभागाशी झालेली वेगळी तडजोड मात्र न्यायालयाच्या देखरेखीखाली चालू राहिली. ‘करार रद्द’ लिहिले की वाचकाला दोन्ही रद्द झाल्यासारखे वाटते.

कर्ता लपवणाऱ्या वाक्यांकडेही पाहावे. फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर तिथल्या पोलिसांनी काढलेल्या पहिल्या निवेदनाचे शीर्षक मराठीत असे होईल : ‘पोलिसांशी संपर्कादरम्यान वैद्यकीय घटनेनंतर पुरुषाचा मृत्यू’. मारणारा कुठेच नाही. मराठी बातम्यांत हेच काम ‘पोलीस कोठडीतील मृत्यू’ करतो. फ्लॉइड कोठडीत नव्हते, रस्त्यावर पोलिसांच्या ताब्यात होते. ‘गळा आवळून’ हेही चूक : गुडघा मानेवर होता, आणि खटल्यात मांडल्यानुसार ९ मिनिटे २९ सेकंद होता. २० एप्रिल २०२१ रोजी त्या पोलिसाला, डेरेक शॉविनला, ज्युरीने दोषी ठरवले, त्यानंतर ‘खून’ लिहायला संकोच नको. पोलीस गोळीबाराच्या इतर बातम्यांत ‘चकमक’ टाळावी. महाराष्ट्रात त्या शब्दामागे फार वेगळा इतिहास आहे.

आता ‘जबाबदारी’. त्याच निकालानंतर मिनेसोटाचे अ‍ॅटर्नी जनरल कीथ एलिसन यांनी म्हटले होते, की याला मी न्याय म्हणणार नाही, कारण न्याय म्हणजे गेलेले परत मिळणे. ही त्याकडची पहिली पायरी आहे. त्या पायरीला त्यांनी ‘अकाउंटेबिलिटी’ हा शब्द वापरला, त्यासाठी मराठीत ‘जबाबदारी’ पुरत नाही. ‘गस्त घालणे ही पोलिसांची जबाबदारी’ असेही आपण म्हणतो, म्हणजे तो कर्तव्याचाही शब्द आहे. ‘उत्तरदायित्व’ अचूक, पण कुणाच्या तोंडी नाही. ‘जाब’ घ्यावा. जाब विचारणे, जाब द्यावा लागणे, जाब न देता सुटणे : तिन्ही क्रियापदे गावच्या ग्रामसभेतसुद्धा समजतात, आणि त्यात विचारणारा व देणारा दोघेही दिसतात. ‘पोलिसांची जबाबदारी निश्चित करणारा कायदा’ऐवजी ‘पोलिसांना जाब द्यायला लावणारा कायदा’ लिहून पाहावे.

राहिली ‘निराशा’. आशेच्या जोडीला ती सहज येते, आणि ‘नैराश्य’ तर आता आजाराचे नाव झाले आहे. इथे मोर्चे निघाले, विधेयक निघाले, मतदान झाले, हुकूमनामा लिहिला गेला आणि हाती थोडेच लागले. केलेल्या कष्टाला फळ न येणे याला ‘वैफल्य’ म्हणतात. त्यात चीडही आहे, जी ‘निराशे’त नाही.

तेव्हा शीर्षक असे करता येईल : ‘पोलिसांना जाब, कृष्णवर्णीयांना न्याय : अमेरिकेतील आशा आणि वैफल्य’. लेखात ‘पोलीस’ दीर्घ आणि ‘पोलिसांना’, ‘पोलिसांचा’ ऱ्हस्व, हेही एकदा तपासून घ्यावे. पाठवलेल्या मजकुरात दोन्ही प्रकार आले आहेत.