घरशाळा सुरू करण्याआधी

ताई, लेकीला दुसरीतून काढून घरीच शिकवायचं म्हणताय, तर त्याआधी एक महिना तिच्यासोबत घरी राहून बघा. आम्ही सुरुवातीला शाळाच घरात आणली होती. दहा वाजता वही उघड, अकराला गणित! तीन आठवड्यांत मुलगा रडकुंडीला आला. मग तो माझ्याबरोबर बाजारात येऊ लागला. ८० रुपये किलोची भेंडी, पाव किलोचे किती? भाजीवाल्या मावशींच्या आधी उत्तर द्यायचं म्हणून तो बोटं मोजत उभा राहायचा. अपूर्णांक तिथेच पक्के झाले.

शाळेतली मधली सुट्टी मात्र घरी मिळत नाही, ते खरं. डबा वाटून खाणं, भांडण, कट्टी-बट्टी. त्यासाठी रोज संध्याकाळी मैदानावर न्याच, यात तडजोड नको.

परीक्षेची काळजी आत्ताच नको. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) १४ वर्षं पूर्ण झाल्यावर शाळेत न जाताही दहावीला बसता येतं. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही आहे. तुम्ही दोघंही दिवसभर नोकरीवर असाल तर जवळची चांगली जिल्हा परिषद शाळा निवडा, मनापासून सांगते. घरशाळेला घरात माणूस लागतं.