रवांडात नरसंहारानंतर मारणारे आणि वाचलेले पुन्हा एकाच गावात कसे राहू लागले?

नेहमीच्या कोर्टांच्या भरवशावर राहिले असते तर जमलंच नसतं. १९९४ मध्ये शंभर दिवसांत साधारण आठ लाख माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी या तिथल्या अल्पसंख्याक समाजाची. तुरुंगांत लाखाहून जास्त संशयित कोंबलेले, आणि खटले चालवायला न्यायाधीश-वकील जवळपास उरलेच नव्हते.

म्हणून गावोगावी 'गचाचा' भरवल्या. गचाचा म्हणजे गवत. गवतावर बसलेले, गावानेच निवडलेले, कायदा न शिकलेले पंच, समोर आरोपी आणि भोवती सगळं डोळ्यांनी पाहिलेले शेजारी. गुन्हा कबूल करून प्रेत कुठे पुरलं ते सांगितलं, तर शिक्षा कमी. कितीतरी घरांना आपल्या माणसाची हाडं दहा-दहा वर्षांनी मिळाली ती अशी. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. २०१२ पर्यंत जवळपास १९ लाख प्रकरणं निकाली निघाली.

खोट्या साक्षी झाल्या, साक्षीदारांना धमक्याही आल्या. शिवाय तेव्हाचं युद्ध जिंकून सत्तेत आलेल्या, तुत्सींच्या नेतृत्वाखालच्या बंडखोर सेनेच्या सैनिकांनी केलेल्या हत्या गचाचापुढे आल्याच नाहीत. हे अन्यायाचंच झालं, आणि ते दुःख तिथे अजून उघडपणे बोलता येत नाही.

आजही महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी 'उमुगांडा' असतो. रस्ते, गटारं, शाळेची भिंत, जे पडलं असेल ते काम सगळ्यांनी मिळून करायचं.