डिझेल महागले, भाडे मात्र तेच

प्रश्न : माझे ट्रेलर न्हावा-शेवा बंदरातून नाशिकला कंटेनर नेतात. डिझेल महागले तरी कंपनी भाडे वाढवत नाही. काय करावे?

उत्तर : जून २०१७ पासून डिझेलच्या दराचा आढावा रोज घेण्याची पद्धत आहे, आपला करार मात्र बहुधा वर्षभराचा असतो, म्हणून करारनाम्यात त्या दिवसाचा डिझेलदर नोंदवून, फरकानुसार भाडे वाढेल आणि घटेलही, असे कलम घालून घ्यावे. (‘घटेलही’ लिहिल्याशिवाय कंपनी सही करणे कठीण.) भाड्यात डिझेलचा वाटा ४० टक्के असेल, तर दर १० टक्के वाढल्यावर ४ टक्के वाढ मागणे रास्त ठरते. टायरमधील हवा नियमित तपासावीच. परंतु त्याहून मोठी गळती रिकाम्या परतफेरीची असते, तेव्हा नाशिकहून निर्यातीचा माल आधीच ठरवावा.